नाल्यापलीकडच्या वस्तीचा इतिहास शोधताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी प्रबंधासाठी आमच्याच गावाचा विषय घेतला. यवतमाळ जिल्ह्यातलं लहान गाव. गाव नाल्याच्या अलीकडे आणि बौद्ध वस्ती पलीकडे, हे कधी ठरलं, कशानं टिकलं? माझं घर अलीकडचं. लहानपणापासून तो नाला ओलांडत होतो, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता, याची मला आज खंत वाटते. या विषयाकडे नव्यानं वळणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

मी सुरुवात ग्रंथालयात केली आणि दोन महिने घालवले. तुम्ही आधी गाव पायी फिरा. उतार कुठं जातो, सांडपाणी कुणाच्या दारावरून वाहतं, आखर म्हणजे गुरं जमण्याची जागा कुठं, विहिरी किती आणि कोणाच्या, हे वहीत काढून घ्या. आमच्याकडे साऱ्या गावाच्या नाल्या एकाच नाल्याला मिळतात आणि त्याच्या सखल काठाला वस्ती आहे. पावसाळ्यात तिथं घरात पाणी शिरतं. एवढं डोळ्यांनी पाहिल्यावर कागदात काय शोधायचं ते कळलं.

सातबारा शेताचा असतो, गावठाणातलं घर त्यात सापडत नाही. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा आणि गावठाणाच्या हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयातला नकाशा. तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चे अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीवरच्या हक्काच्या नोंदी, मिळतात. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी कोतवाल पंजी. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही सोडू नका. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्यामुळे आधीच्या नोंदीत ‘महार’ असलेलं घराणं पुढं ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ म्हणून येतं. मी एकाच घराण्याची दोन घराणी मोजून ठेवली होती. सगळा तक्ता पुन्हा करावा लागला.

विदर्भ म्हणजे एकच पद्धत असंही धरू नका. आमच्या वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) भागात मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा; ती १९५० च्या कायद्यानं गेली. तिकडच्या गावात वाजिब-उल-अर्ज मागा, गावच्या वहिवाटी त्यात लिहिलेल्या असतात. तिकडचे टोले, म्हणजे लहान वाड्या, आणि आमच्याकडचे कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे त्यांच्या वस्त्या, यांची गोष्ट पुन्हा वेगळी, तिला बौद्ध वस्तीचा साचा लावू नये.

एका कार्यालयात मला सात वेळा ‘उद्या या’ ऐकावं लागलं. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. ‘सर्व जुनी कागदपत्रं’ असं मोघम न लिहिता मौजा, वर्ष आणि नमुन्याचं नाव लिहिलं, तेव्हा नकला मिळाल्या. नकाशा उघडला तर गावठाणाची रेघ नाल्यापाशीच संपत होती. वस्तीतली बरीच घरं गावठाणाच्या बाहेर. मालकीचा कागद नाही, म्हणून कर्ज नाही, आणि घरकुल मंजूर झालं तरी जागेवरून अडतं. अलीकडे ड्रोनच्या मोजणीआधी घरांच्या हद्दीला चुना मारला, तोही नाल्याशीच थांबला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. पण नाव बदलल्यानं ती रेघ हलत नाही.

माणसांशी बोलताना माझी मोठी चूक झाली. पहिल्या दिवशी गावातल्या एका पुढाऱ्याच्या गाडीवर बसून वस्तीत गेलो. सगळ्यांनी ‘आता काही भेद नाही’ एवढंच सांगितलं. पुढं एकटा जात राहिलो, वही न काढता. महिन्याभरानं एका आजीनंच मला गावच्या जुन्या विहिरीवर नेलं. काठापासून दहा-बारा पावलांवर काळा गोटा आहे, मधोमध खोलगट झिजलेला. तिनं त्या खळग्यात तळहात ठेवला. “विहिरीवर चढाचं नाई आमाले. गुंड इथंसा ठेवाचा. कोनी आलं तं वतून दे, नाई तं बसा उन्हात.” गुंड म्हणजे पाण्याचं भांडं.

हे ऐकताना मी मान खाली घातली होती, कारण ओतणाऱ्यांत आणि न ओतणाऱ्यांत माझ्याही घरचे असणार. तुम्ही अलीकडचे असाल तर हे सुरुवातीलाच कबूल करून जा. जुन्या नोंदवह्यांतली नावं आणि जाती प्रबंधात तशाच छापू नका. तिथं आजही त्यांची नातवंडं राहतात. आणि लिहिलेलं वस्तीत वाचून दाखवा, मार्गदर्शकांना देण्याआधी.

मी समाजमंदिरात वाचलं. आजी नकाशावर बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, “बापू, यात तो गोटा कोठी हाय?” तो नव्हताच. तिनं बोटानं जागा दाखवली, मी पेन्सिलनं खूण केली.