क्युबाचे तेरा दिवस, दोन तासिकांत

शीतयुद्धाचा धडा शिकवताना ट्रुमन सिद्धांत, नाटो, वॉर्सा करार अशी तारखांची माळ फळ्यावर लटकवली की लेकरं ती उतरवून घेतात आणि परीक्षेपर्यंत सांभाळतात. त्यांच्या हाती लागत नाही ती एकच गोष्ट: समोरच्याला काय माहीत आहे, हे अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनाही माहीत नव्हतं. हे सांगून कळत नाही, खेळून कळतं. त्यासाठी ऑक्टोबर १९६२ सारखा दुसरा प्रसंग नाही: सोव्हिएत संघानं क्युबात क्षेपणास्त्रं नेली आणि त्यावरून तेरा दिवस अमेरिका आणि तो अणुयुद्धाच्या तोंडाशी उभे होते. तालुक्याच्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात, साठ विद्यार्थ्यांचा वर्ग धरून, प्रोजेक्टरशिवाय आणि लाइट गेली तरी चालेल असा हा खेळ पुढं मांडला आहे.

वेळ ९० मिनिटं. शनिवारची सकाळची शाळा आणि सलग दोन तासिका मिळाल्या तर उत्तम. १० मिनिटं मांडणी, ५५ मिनिटं खेळ, २५ मिनिटं चर्चा. चर्चेच्या पंचवीस मिनिटांना हात लावू नका. खेळ रंगला म्हणून तो लांबवला की सगळं मुसळ केरात.

सामान फार नाही. शेजारशेजारच्या दोन खोल्या आणि मधला व्हरांडा. लग्नसराईनंतर घरोघरी पडून असलेल्या पत्रिकांची ३० पाकिटं (कोऱ्या बाजूवर लिहिता येतं, आणि जाड असल्यानं आतलं दिसत नाही). पाठकोरे कागद १००, लाल कार्डशीट एक, स्टेपलर, डस्टर आणि दोन्ही खोल्यांतून ऐकू येईल अशी घंटा.

साठ जणांची वाटणी अशी: व्हाइट हाउस (अमेरिकी सरकार) १४, क्रेमलिन (सोव्हिएत सरकार) १२, अमेरिकी सेनाधिकारी ६, हवाना (क्युबाचं सरकार) ६, भारत ६, दुभाषे ४, टपालवाले ४, संयुक्त राष्ट्रसंघ ३, सोव्हिएत पाणबुडी ३, रेडिओ २. भूमिका चिठ्ठ्या टाकूनच द्या. आपापसात ठरवायला सांगितलं की मोठ्या आवाजाची पोरं राष्ट्राध्यक्ष होतात आणि ‘अक्षर चांगलं आहे’ म्हणून मुलींकडं लिखाण येतं. दर वेळी हेच होतं.

व्हाइट हाउस आणि सेनाधिकारी एका खोलीत, क्रेमलिन दुसऱ्या खोलीत. हवाना क्रेमलिनच्याच खोलीत, पण मागच्या बाकावर. भारत, दुभाषे, राष्ट्रसंघ आणि रेडिओ व्हरांड्यात. पाणबुडीचे तिघं कपाटामागच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, त्यांनीही कुणाला विचारायचं नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला फक्त टपालवाल्यांना मुभा.

भाषेचा नियम नीट पाळा, कारण खेळाचा जीव त्यात आहे. क्रेमलिननं प्रत्येक निरोप हिंदीत लिहायचा, वर्गात उर्दू वाचणारी दोन लेकरं असतील तर उर्दूत. दुभाष्यांनी तो मराठीत आणायचा आणि मगच तो व्हाइट हाउसला मिळणार. मराठवाड्यात ही सोय बहुतेक वर्गांत आयतीच असते. दुभाषे हुशार निघाले की मजकूर गुळगुळीत करून देतात. त्यांना आधीच बजावा की मूळ वाक्य उद्धट असेल तर मराठीतही उद्धटच राहू द्या.

पहिली फेरी, १६ ऑक्टोबर, १० मिनिटं. व्हाइट हाउसला पाकीट: यू-२ या टेहळणी विमानानं १४ तारखेला क्युबातल्या सॅन क्रिस्टोबालजवळ सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या जागा टिपल्या आहेत. क्युबा अमेरिकेच्या किनाऱ्यापासून १४५ किलोमीटर, म्हणजे लातूरहून नांदेड साधारण जेवढं तेवढंच. फळ्यावर हे लिहा, एकदम गांभीर्य येतं. पर्याय चार: हवाई हल्ला, स्वारी, समुद्रात अडवणूक, गुपचूप बोलणी. प्रत्यक्षातही पहिल्या दिवशी बहुतेकांचा कल हवाई हल्ल्याकडं होता. वर्गाचाही तिकडंच जातो. सहाव्या मिनिटाला सेनाधिकाऱ्यांना दुसरी चिठ्ठी द्या: ‘सगळी क्षेपणास्त्रं एका हल्ल्यात नष्ट होतील याची हमी देता येत नाही.’ इथं खोलीतला आवाज खाली येतो.

या दहा मिनिटांत क्रेमलिन रिकामं बसलं की दंगा सुरू होतो. त्यांना काम द्या: मोहिमेचं नाव अनादिर, चाळीस हजारांवर माणसं व्यापारी जहाजांतून क्युबाला न्यायची, कुणाला सुगावा लागता कामा नये, कसं कराल? उत्तरं ऐकून घ्या आणि मग खरं सांगा. जायचं होतं उष्ण क्युबाला आणि सामानात थंडीचे कपडे व बर्फावरच्या स्की दिल्या होत्या. अमेरिकेला क्षेपणास्त्रं दिसली आहेत, हे मात्र क्रेमलिनला अजिबात कळू देऊ नका. १८ तारखेला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना भेटले, तेव्हाही केनेडींनी फोटोंचा विषय काढला नव्हता.

दुसरी फेरी, २२ ऑक्टोबर, ५ मिनिटं. व्हाइट हाउसचा निर्णय रेडिओवाले मोठ्यानं वाचतात. निर्णय अडवणुकीचा झाला तर शब्दाकडं लक्ष वेधा. पाठ्यपुस्तकी मराठीत ‘नाकेबंदी’ येतं, पण केनेडींनी तो शब्द मुद्दाम टाळला, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी म्हणजे युद्धाचंच पाऊल. ते ‘क्वारंटाईन’ म्हणाले. कोरोनामुळं हा शब्द लेकरांना ‘आजारी माणसाला वेगळं ठेवणं’ एवढाच माहीत असतो. दोन मिनिटं खर्ची घालून शब्दानं काय साधलं ते बोला. तेवढी मिनिटं वसूल होतात.

तिसरी फेरी, २४ ऑक्टोबर, ७ मिनिटं. दोन टपालवाले जहाजं होऊन व्हरांड्याच्या टोकाकडून हळूहळू चालत येतात. मधोमध खडूची रेघ. क्रेमलिनला आधीच विचारून ठेवा: वळवायची की पुढं न्यायची? वळवायची ठरली तर तो निरोप व्हाइट हाउसला तीन मिनिटं उशिरा पोचवा. तेव्हा असंच झालं होतं. क्षेपणास्त्रं वाहणारी जहाजं आदल्या दिवशीच माघारी फिरली होती आणि वॉशिंग्टनला ते २४ ला उमगलं. जहाजं एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभी होती हे चित्र लोकप्रिय आहे, खरं नाही.

चौथी फेरी, २६ ऑक्टोबर, १० मिनिटं. क्रेमलिननं लांब पत्र लिहायचं, किमान पंधरा ओळी: क्युबावर स्वारी करणार नाही असं वचन द्या, आम्ही क्षेपणास्त्रं काढतो. हिंदीतून मराठीत येताना घाई करू देऊ नका. सोव्हिएत प्रमुख ख्रुश्चेव्ह यांचं खरं पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत दिल्यापासून वॉशिंग्टनला पूर्ण पोचायला बारा तासांच्या आसपास लागले. वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीची तऱ्हा आणखी न्यारी: मॉस्कोला तार करायची तर तारकंपनीचा पोरगा सायकलवरून येऊन कागद घेऊन जायचा. जग राख होण्याच्या बेतात आणि निरोप सायकलवर! वर्गात तारवाल्याच्या भूमिकेला टपालवाल्यांतला सगळ्यात सावकाश चालणारा विद्यार्थी निवडा.

पाचवी फेरी, २७ ऑक्टोबर, १५ मिनिटं. हा ‘काळा शनिवार’. तुमचं शिकवणं इथं एकवटतं, म्हणून चिठ्ठ्यांचा क्रम चुकवू नका.

पहिल्या मिनिटाला रेडिओवरून क्रेमलिनची नवी अट: तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रंही हलवा. आधीच्या पत्राचं उत्तर अजून गेलेलं नसतं. कोणतं पत्र खरं मानायचं? चौथ्या मिनिटाला व्हाइट हाउसला: क्युबावर यू-२ पाडलं, वैमानिक मेजर अँडरसन ठार. सातव्या मिनिटाला क्रेमलिनला: एक अमेरिकी यू-२ भरकटून सोव्हिएत हद्दीत, चुकोट्काच्या बाजूला शिरलं आहे, हेतू माहीत नाही. नवव्या मिनिटाला तुम्ही स्वतः कपाटावर डस्टर आपटायला लागा, जोरात, थांबून थांबून. पाणबुडीच्या तिघांच्या हातातली चिठ्ठी सांगते: ‘बोट बी-५९. मॉस्कोशी संपर्क नाही. आत उकाडा असह्य. वर स्फोट होत आहेत. युद्ध सुरू झालं का, माहीत नाही. तुमच्याकडं एक अण्वस्त्र टॉर्पेडो आहे. डागायचा तर तिघांचीही संमती हवी.’ तीन मिनिटांत उत्तर कागदावर लिहून घडी घालून तुमच्या खिशात. बाकी वर्गाला हे काही कळत नाही. आवाज कसला, एवढंच ते विचारतात.

इथं एक सावधगिरी. बी-५९ वरचा प्रसंग मुख्यतः त्यातल्या माणसांनी पुढं सांगितलेल्या आठवणींवर उभा आहे, आणि टॉर्पेडोची गोष्ट २००२ मध्ये सर्वांसमोर आली. बोटीवरचे अधिकारी वासिली अर्खिपोव्ह यांनी कप्तानाला आवरलं, हे सांगा. पण कुणी नेमका कोणता शब्द उच्चारला याचं नाटक करू नका.

सहावी फेरी, ५ मिनिटं. दोन्हीकडून एकेक माणूस पाण्याच्या टाकीपाशी भेटतो, बाकी कुणी जवळ नाही. अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी आणि सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काही महिन्यांत जातील, पण हे कुठं लिहायचं नाही, बोलायचं नाही: असा शब्द द्यायचा की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं. सातवी फेरी, २८ ऑक्टोबर, ३ मिनिटं: क्रेमलिनचा निर्णय रेडिओवर. हवानालाही तो रेडिओवरच कळतो. त्या गटाचे चेहरे त्या वेळी बघण्यासारखे असतात. ख्रुश्चेव्ह यांनी क्युबाचे नेते कॅस्ट्रोंना आधी विचारलं नव्हतं आणि कॅस्ट्रो भयंकर संतापले होते.

आता भारताचा बाक. वरच्या सगळ्या फेऱ्या चालू असताना या सहा जणांना वेगळी पाकिटं मिळत राहतात. २० ऑक्टोबर: चीननं नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखमध्ये हल्ला केला. २५ ऑक्टोबर: तवांग गेलं, आणि मॉस्कोच्या ‘प्रावदा’ या सत्ताधारी पक्षाच्या वृत्तपत्रानं चीनच्या बाजूनं झुकणारा अग्रलेख छापला, तोही सोव्हिएत संघाशी मिग-२१ लढाऊ विमानांचा व्यवहार ठरलेला असताना. त्यांचं काम एवढंच की दोन्ही खोल्यांना मदतीसाठी पत्रं लिहायची. पत्रं जातात, उत्तरं येत नाहीत, कारण दोन्हीकडं कुणाला वेळ नसतो. चर्चेत हा गट सगळ्यांत चिडलेला असतो, म्हणून त्याला सगळ्यांत आधी बोलू द्या. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य बहुतेकांनी घरात ऐकलेलं असतं. यशवंतराव नोव्हेंबरमध्ये संरक्षणमंत्री झाले ते याच युद्धाच्या पोटी. अलिप्ततावादाची व्याख्या पाठ करणं आणि दोन बंद दारांबाहेर उभं राहणं, यातला फरक इथं आपोआप कळतो.

बिघडतं कुठं ते सांगतो. पहिल्याच फेरीत ‘टाका बॉम्ब’ म्हणून मोकळं होणारा वर्ग हमखास भेटतो, कारण बॉम्ब टाकायला काही मोल पडत नाही. म्हणून लाल कार्ड. हल्ला करायचा असेल तर त्या कार्डावर तीन ओळी लिहायच्या: समोरचा पुढच्या एका तासात काय करेल, कुठं करेल, आपली किती शहरं त्याच्या टप्प्यात आहेत. क्युबातल्या आर-१२ क्षेपणास्त्रांचा टप्पा सुमारे २००० किलोमीटर होता. नकाशा उघडून मोजायला लावा. तीन ओळी भरल्यानंतरही हल्ला ठरला तर तो मान्य करा, खेळ थांबवा आणि थेट चर्चेला बसा. वाया जात नाही.

दुसरी अडचण शेवट ठाऊक असलेल्यांची. पुस्तक वाचून आलेली दोन-तीन लेकरं ‘शेवटी माघार घेतात’ असं फोडतात. त्यांना दुभाषे किंवा टपालवाले करा. चिठ्ठ्यांचा नियम फक्त एवढ्यापुरता मोडला तरी चालतो. तिसरी अडचण: ‘अमेरिका चांगली की रशिया’ यावरून गावातल्या राजकारणासारखे गट पडतात. वाद रंगू लागला की एकच प्रश्न विचारा, ‘हे तुला त्या दिवशी माहीत होतं का?’

चर्चेत बंद पाकिटं एकेक करून फोडा, आणि प्रत्येकावेळी ज्याचा अंदाज चुकला त्यालाच वाचायला द्या. अमेरिकेला वाटत होतं क्युबात दहा हजारांच्या आसपास सोव्हिएत सैनिक असतील. होते चाळीस हजारांवर. रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रं तिथं आधीच पोचली होती, आणि हे जगाला १९९२ च्या हवाना परिषदेत नीट कळलं. अँडरसनचं विमान पाडण्याचा हुकूम मॉस्कोनं दिला नव्हता, तो क्युबातल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी परस्पर दिला. तुर्कस्तानातली १५ ज्युपिटर एप्रिल १९६३ पर्यंत हलवली गेली. मग तुमच्या खिशातली पाणबुडीची घडी उघडा. तिघांपैकी दोघांनी ‘डागा’ लिहिलेलं निघालं की वर्ग शांत होतो, आणि तिसऱ्याकडं सगळे वळून बघतात. त्याला ‘का नाही म्हणालास’ असं विचारा, आणि उत्तराला वेळ द्या.

लेखी कामाला ‘क्युबाचा पेचप्रसंग: टीप लिहा’ देऊ नका. त्याऐवजी प्रत्येकानं बारा ओळी लिहाव्यात: आपल्या गटाला २७ तारखेला काय ठाऊक होतं, काय नव्हतं, आणि कोणता निर्णय चुकीच्या समजुतीवर घेतला. टीप त्यातून आपोआप तयार होते.

वेळ उरला तर पाचवी फेरी पुन्हा खेळा, फक्त दोन्ही खोल्यांना थेट निरोपाची एक चिठ्ठी दुभाष्यांच्या रांगेबाहेर द्या. जून १९६३ च्या करारानं वॉशिंग्टन-मॉस्को थेट दुवा झाला तो याच अनुभवातून. लाल टेलिफोन डोक्यातून काढायला सांगा. ते टेलिप्रिंटर होतं, कारण बोलण्यात गफलत होते आणि लिहिलेलं पुन्हा वाचता येतं.

पाकिटांवर तारखा पेन्सिलनं लिहा, शाईनं नाही. पुढच्या वर्षी तुकडी बदलली की काही चिठ्ठ्या मागंपुढं कराव्याच लागतात. पावसाळ्यात कार्डशीटला ओल लागते, म्हणून सगळं पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि पाणबुडीची चिठ्ठी वेगळी, स्वतःजवळ.