ऑर्डर भरपूर, पगाराला पैसे नाहीत: नवा उद्योग उभा करताना या चुका टाळा

नव्या उद्योगाचा हिशोब पाहायला बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "साहेब, ऑर्डरची काही कमी नाही, पण सात तारखेला पगार कुठून द्यायचे तेवढं सांगा." भोसरीतला जॉब वर्क करणारा असो, सातपूरचा पॅनेल बनवणारा असो, की घरच्या स्वयंपाकघरातून चकल्या विकायला सुरुवात केलेल्या ताई असोत, दुखणं बहुतेक वेळा तेच. पुस्तकात नफा दिसतो आणि खात्यात खडखडाट. नवे उद्योग कल्पना फसल्यामुळे बंद पडतात असा समज आहे. माझ्या मते त्याहून जास्त उद्योग पैसा चुकीच्या जागी अडकल्यामुळे बसतात, आणि पुष्कळदा धंदा वाढत असतानाच बसतात. तो कुठे कुठे अडकतो आणि अडकलाच तर कसा सोडवायचा, ते पाहू.

शाबासकीला मागणी समजणं

घरच्यांना आवडलं, सोसायटीतल्या बायकांनी वाहवा केली, व्हॉट्सॲपवर पन्नास अंगठे आले. एवढ्या भांडवलावर लोक गाळा भाड्याने घेतात. ओळखीचा माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. अनोळखी माणसाने रोख पैसे मोजले आणि तोच महिनाभरात पुन्हा आला, तर मागणी आहे असं धरावं.

लिज्जतची सुरुवात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. (कागदोपत्री लिज्जत ही कंपनी नाही, बायकांची सामुदायिक मालकीची संस्था आहे. पण शून्यातून उद्योग उभारण्याचा इतका स्वच्छ धडा दुसरीकडे सापडत नाही.) 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी जमल्या. उसने घेतलेले 80 रुपये हाती होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली. शेजारणींचं मत विचारण्यापेक्षा माल थेट बाजारात नेला, हे महत्त्वाचं. तुटलेले पापड मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले जात.

पुण्याच्या क्विक हीलचंही तसंच. कैलास काटकर आधी कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले, ते काढायला धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून अँटिव्हायरसचा धंदा उभा राहिला. गिऱ्हाईक आपली अडचण घेऊन स्वतःच्या पायांनी दुकानात येत होतं आणि दुरुस्तीचे पैसे रोज गल्ल्यात पडत होते. 2016 साली कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

गाळा घेऊन बसला असाल आणि गिऱ्हाईक फिरकत नसेल, तर जाहिरातीवर पैसे ओतण्याआधी जे एकदाच घेऊन गेले त्यांना फोन करा. "आवडलं का?" असं विचारू नका, उत्तर "हो" असंच येईल. "सध्या कुणाकडून घेता?" असं विचारा.

भाव ठरवताना स्वतःला फुकट धरणं

समजा, चकलीच्या पाकिटावर 100 रुपये छापील किंमत आहे. दुकानदाराला ते 80 ला पडायला हवं, तरच तो पुढच्या फळीवर ठेवणार. वितरकाला 74 ला. जीएसटी नोंदणी आहे असं धरलं, तर 74 मधला 5 टक्के कर वजा जाता तुमच्या हाती साधारण 70 रुपये 48 पैसे येतात. भाजणी, तेल, मसाला 34, पिशवी, लेबल, खोका 8, गॅस आणि वीज 5, मजुरी 10, वाहतूक 4. झाले 61. म्हणजे पाकिटामागे साडेनऊ रुपये सुटले, असं वाटतं.

आता शंभरातली चार पाकिटं फुटून किंवा मुदत संपून परत आली असं धरा. पैसे 96 पाकिटांचे मिळाले, खर्च मात्र 100 पाकिटांचा झाला. साडेनऊचे 6 रुपये 66 पैसे उरले. महिन्याला तीन हजार पाकिटं खपली तर जेमतेम 20 हजार. त्यातून जागेचं भाडं, कर्जाचं व्याज, आणि काही शिल्लक राहिलंच तर तुमचा पगार. पहाटे पाचला उठून भाजणी मळणाऱ्या सासूबाईंचा पगार तर हिशोबात कुणी धरलेलाच नाही.

स्वतःची आणि घरच्यांची मजुरी बाजारभावाने लावा, मग भाव काढा. तो बाजाराला परवडत नसेल तर वजन, पाकीट किंवा विकण्याची वाट बदलावी लागेल. वितरक टाळून थेट घरपोच विक्री केली तर मधले 26 रुपये वाचतात, पण पोचवण्याचा खर्च तुमच्या गळ्यात येतो. तोही मोजा. भाव कमी लावून बसला असाल तर जुन्या गिऱ्हाइकांसाठी एकदम वाढवू नका. नव्या पाकिटापासून, नव्या पार्टीपासून नवा भाव सुरू करा.

आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम मालकाचा पगार म्हणून घरच्या खात्यात वळती करा. मुलाची फी धंद्याच्या खात्यातून आणि कारखान्याचं वीजबिल घरच्या खात्यातून जात असेल, तर धंदा चालतोय की घर धंद्याला पोसतंय, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

उधारीचे दिवस न मोजणं

खरा घात इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

एक साधा हिशोब करा. कच्चा माल पडून राहतो 15 दिवस, माल तयार व्हायला 10 दिवस, तयार माल पडून राहतो 5 दिवस, आणि पार्टी पैसे देते 75 दिवसांनी. एकूण 105. तुमचा पुरवठादार तुम्हाला 30 दिवसांची उधारी देतो, ते वजा करा. राहिले 75 दिवस. एवढे दिवस तुमचा पैसा बाहेर आहे. महिन्याचा खर्च 8 लाख असेल तर 20 लाख रुपये कायमचे अडकलेले राहणार. हे तुमचं खेळतं भांडवल. नाव खेळतं, पण बिचारं खेळायला गेलं की लवकर परत येत नाही.

आता मोठी ऑर्डर आली. पेढे वाटले. काम दुप्पट म्हणजे अडकणारे पैसेही जवळपास दुप्पट, 40 लाख. जादाचे 20 लाख कुठून येणार, हे ऑर्डर घेताना किती जण विचारतात? त्यात जीएसटीची भर. जानेवारीत 10 लाखांचं बिल केलं, वर 18 टक्के म्हणजे 1 लाख 80 हजार कर. कच्च्या मालावरच्या कराची 1 लाखाची वजावट मिळाली, तरी मासिक विवरण भरणाऱ्याला 80 हजार रुपये 20 फेब्रुवारीपर्यंत भरावेच लागतात. पार्टीचा धनादेश येणार एप्रिलमध्ये. गिऱ्हाइकाने न दिलेला कर तुम्ही पदरचा भरलेला असतो.

वसुलीसाठी कायदा आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे हे पुष्कळ लहान उद्योजकांना ठाऊकच नसतं. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. मालाबद्दल काही तक्रार असेल तर ती पार्टीने माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी कळवायची असते. तीन महिन्यांनी बिल मागायला गेल्यावर "त्या लॉटमध्ये रिजेक्शन होतं" असं सांगणाऱ्याला हे कलम दाखवावं. त्यासाठी डिलिव्हरी चलनावर पोचल्याची तारीख, सही आणि शिक्का हवा. तो शिक्का आणायला ड्रायव्हर विसरतो आणि आपण त्याला विसरू देतो.

2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही दट्ट्या आला आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक अथवा सेवा पुरवठादाराचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरता येत नाही. नुसत्या व्यापाऱ्याला मात्र हा लाभ नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की पार्टीच्या अकाउंट्स विभागाला तुमची आठवण येऊ शकते. मागणीपत्र फेब्रुवारीतच पाठवून ठेवा.

या सगळ्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद हवी, आणि ती माल पाठवण्याआधी केलेली बरी. नंतर केली तर त्यावरूनच वाद उभा राहतो. नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारा एजंट फक्त फॉर्म भरण्याचे पैसे घेतो. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

पैसे अडकलेच असतील तर? आधी जुन्या थकबाकीची यादी दिवसांप्रमाणे लावा: 45 च्या आतले, 45 ते 90, 90 च्या पुढचे. तिसऱ्या गटाला नवा माल आगाऊ पैशांवरच. इथे लोक कच खातात, कारण "तीच तर मोठी पार्टी आहे." पैसे न देणारी मोठी पार्टी तुमच्याच भांडवलावर धंदा करत असते. मोठ्या कंपनीने बिल मंजूर केलं असेल तर ट्रेड्स या बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर ते घालून बँकेकडून थोडी रक्कम कापून घेऊन आधी पैसे उचलता येतात. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारक झाली आहे. पार्टी नोंदलेली आहे का, ते विचारा. काहीच चालत नसेल तर सरकारी पोर्टलवरून सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो. अर्ज केल्यावर ते गिऱ्हाईक टिकण्याची आशा मात्र ठेवू नका.

सोबत एक तक्ता ठेवा: येत्या तेरा आठवड्यांत कोणत्या आठवड्यात किती येणार, किती जाणार. वहीत चालेल, एक्सेलमध्ये चालेल. दर सोमवारी तो दुरुस्त करा. पगार अडणार हे सहा आठवडे आधी दिसलं तर बँकेशी बोलता येतं. सहा तारखेला दिसलं तर फक्त बायकोचे दागिने दिसतात.

सीसीच्या पैशांतून यंत्र घेणं

कॅश क्रेडिट (सीसी) खातं, म्हणजे बँक ठरावीक मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलू देते ते खातं, उधारी आणि साठ्यासाठी असतं. त्यात दहा लाख मोकळे दिसतात, यंत्राचं प्रदर्शन भरतं, आणि लेथ घरी येतो. यंत्र पाच वर्षांत पैसे फेडणार, सीसी मात्र रोज फिरती राहायला हवी. ती मर्यादेला टेकली की कच्चा माल उधारीवर, महाग भावाने घ्यावा लागतो. केलं असेल तर लपवू नका. बँकेत जाऊन त्या यंत्रावर मुदतकर्ज मागा आणि सीसी मोकळी करून घ्या. खातं नियमित आहे तोवर मॅनेजर ऐकतो. 90 दिवस थकल्यावर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं आणि संभाषणाचा सूर बदलतो. नवं यंत्र घेण्याआधी जुनं दुसऱ्या पाळीत चालवता येईल का, हेही पाहावं.

लिज्जतचा पहिला पावसाळा आठवा. पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. ड्रायरची भाषाही झाली नाही. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये होती, हे लक्षात घेतलं तर तो निर्णय किती नेमका होता ते कळतं.

तोंडी भागीदारी

"आम्ही शाळेपासूनचे मित्र आहोत, कागद कशाला?" कागद मैत्रीसाठी नसतोच, मित्राच्या पत्नीसाठी आणि भावासाठी असतो, कारण वाद पुष्कळदा तिकडून सुरू होतो. कुणी किती भांडवल घातलं, कोण पूर्ण वेळ देणार, पगार किती, आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी काढायची, एवढे चार मुद्दे तरी करारात हवेत. शेवटचा मुद्दा सगळे टाळतात. शिवाय 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून निघणाऱ्या येणे रकमेसाठी बाहेरच्यांवर दावा लावता येत नाही. आणि साध्या भागीदारीत भागीदाराने धंद्यासाठी केलेलं कर्ज तुमच्या घरापर्यंत येऊ शकतं. वाद सुरू झाला असेल तर आधी त्या तारखेपर्यंतचा ताळेबंद त्रयस्थ सीएकडून करून घ्या, बोलणी त्यानंतर.

नावाचंही इथेच उरकतो. बोर्ड रंगवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क माल-सेवांच्या एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. छापलेली वीस हजार पाकिटं रद्दीत घालण्यापेक्षा स्वस्तच.

पहिलं दुकान स्थिरावण्याआधी दुसरं

मुंबईची टायनीआउल ही जेवण मागवण्याच्या ॲपची कंपनी 2014 साली सुरू झाली, गुंतवणूक मिळाली, भराभर शहरं वाढवली. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यासह अनेक शहरांतलं काम गुंडाळावं लागलं. पुण्यात तर हिशोबासाठी कर्मचाऱ्यांनी एका संस्थापकालाच कार्यालयात अडवून ठेवलं होतं. 2016 मध्ये कंपनी दुसरीत विलीन झाली.

लिज्जतचाही मालाडला शाखा काढण्याचा 1961 चा प्रयत्न फसला होता. फरक एवढाच की ती शाखा बुडाल्याने गिरगाव बुडालं नाही.

म्हणून दुसरी जागा घेताना आकडे आधीच लिहून ठेवा: या शाखेत एकूण किती घालणार, आणि कोणत्या महिन्यापर्यंत ती स्वतःचं भाडं आणि पगार काढू शकली नाही तर बंद करणार. भाडेकरारात मालक तुम्हाला किती महिने बांधून ठेवतोय, ते पाहून मगच सही करा. शाखा आधीच तोट्यात चालली असेल तर तिचं खातं वेगळं काढा, म्हणजे पहिल्या दुकानातून दरमहा किती रक्कम तिकडे झिरपते ते दिसेल. बंद करायची ठरली तर क्रम असा ठेवा: कामगारांचे पैसे, मग सरकारी देणी, मग पुरवठादार, आणि जागामालकाच्या अनामत रकमेसाठी लेखी नोटीस पहिल्याच दिवशी.