दगडावर आपटलेली गाडी : टाय रॉडला पाना लावण्याआधी

ऊसतोडणी सुरू झाली की बेळगाव भागात निपाणी, संकेश्वर, चिक्कोडीकडून येणाऱ्या गाड्यांचं काम वाढतं. ट्रॉलीतून पडलेल्या मोळ्या, तुटलेल्या पिना, हायवेवर रिमोल्ड टायरच्या साली, काही ना काही रस्त्यात असतंच. चोर्ला घाटाच्या चढाला ट्रक बंद पडला की चाकामागे दगड लावतात. ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतो. रात्री त्यावर एखादी छोटी गाडी आपटते आणि सकाळी ती तुमच्या गॅरेजात उभी असते.

जॅक, घोडा (गाडी टेकवायचा स्टँड), पाने तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. आयटीआय करून आलेल्यांना भागांची नावंही पाठ असतात. अडतं ते पुढे, कुठला भाग खरंच वाकलाय हे ठरवताना.

आधी गिऱ्हाइकाचं नीट ऐका. आपल्याकडे अर्धी गिऱ्हाइकं कानडीत सांगतात. ‘एळीतद’ म्हणजे गाडी ओढते, ‘अल्लाडतद’ म्हणजे हलते, ‘सप्पळ बरतद’ म्हणजे आवाज येतो. तिन्हींचं मूळ वेगळं असतं, म्हणून जॉबकार्डावर तिन्हींसाठी ‘सस्पेन्शन चेक’ असं लिहून मोकळे होऊ नका. गिऱ्हाइकाचा शब्द जसाच्या तसा लिहा. कुठल्या बाजूचं चाक आपटलं, किती स्पीडला, त्यानंतर किती किलोमीटर गाडी चालवली, हेही विचारा.

मग गाडीखाली बघा. ऑइलचा चेंबर चेपलाय का, ब्रेकचा होज घासलाय का, एबीएस सेन्सरची वायर तुटलीय का, ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटलंय का. चेंबर आत गेला असेल तर ऑइल ओढणारी जाळी दबू शकते. ऑइलचा लाल दिवा लागत असेल तर गाडी टेस्टला बाहेर काढायची नाही, इंजिन बंद.

टायर बाहेरून चांगला दिसला म्हणून समाधान मानू नका. चाक काढून आतली बाजू बघा. मार बऱ्याचदा आतल्या कडेला बसतो, कारण रिमच्या त्या बाजूला आधार कमी असतो, आणि ती बाहेरून दिसतही नाही. साइडवॉलला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत. त्याला दुरुस्ती नाही, टायर बदलायचाच. हवा हळूहळू कमी होत असेल तर रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा. चाक हाताने फिरवताना घोड्यावर टेकवलेली तार रिमच्या कडेजवळ धरा. फट कमीजास्त होताना डोळ्याला स्पष्ट दिसली तर डायल गेज (मिमीचे भाग दाखवणारं काट्याचं माप) लावून मोजा. साधारण 1 मिमीच्या पुढे गेलं की रिम संशयित. लोखंडी रिम थोडी वाकली असेल तर सरळ होते. अलॉयला चीर असेल तर वेल्डिंग करून परत बसवू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. बॅलन्सिंग मशीन एका चाकाला 60 ग्रॅमच्या पुढे वजन मागत असेल तर वजन चिकटवत बसू नका, रिम किंवा टायर वाकडा आहे.

कंप 80-100 च्या स्पीडला स्टिअरिंगमध्ये जाणवला तर पुढचं चाक, सीटखाली जाणवला तर बहुधा मागचं. घूं घूं आवाज डावीकडे वळताना वाढला तर उजवं बेअरिंग धरा, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. बेअरिंग आपटल्या दिवशी गप्प राहून काहीशे किलोमीटरनंतर बोलू शकतं. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोष तुमच्यावर येतो.

चाक उचलून वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवी बाजू धरून. वर-खाली प्ले (ढिलेपणा) असेल तर एकाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला खालून जोडणारा गोल सांधा). आडवा प्ले असेल तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांडीचं टोक) किंवा रॅक (ती दांडी सरकवणारी स्टिअरिंगची पेटी). इथवर कोणीही शिकतं.

आता खरा सापळा. इथे जीव तोडून सांगतो, कारण नव्या पोरांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग तिरकं आहे. पोरगं गाडी थेट अलाइनमेंटला नेतं. मशीन टो (वरून बघितल्यावर चाकं आत की बाहेर वळलीत ते) लाल दाखवतं. टाय रॉडचा लॉक नट सैल करून टो हिरवा केला, स्टिअरिंग सरळ झालं, बिल झालं. पण वाकलेला लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा भाग) तसाच आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो अ‍ॅडजस्ट होतो, कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने बघितल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) होत नाही. आर्म मागे दाबला गेला की चाक मागे सरकतं, त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो आणि गाडी त्याच बाजूला ओढते. टो कितीही फिरवला तरी कॅस्टर जागेवर येणार नाही. काही हजार किलोमीटरात टायरची एक कड गुळगुळीत होते, आणि गिऱ्हाईक परत येतं तेव्हा टाय रॉड फिरवलेला असल्यामुळे मूळ खूणही पुसलेली असते.

म्हणून लॉक नटला पाना लावण्याआधी हे करा. दोन्ही टाय रॉडचे बाहेर दिसणारे आटे मोजा. एका बाजूला 11 आणि दुसऱ्या बाजूला 16 असतील तर काहीतरी वाकलंय, किंवा आधी कोणीतरी ते झाकलंय. आकडा जॉबकार्डावर लिहा. मग चाकं सरळ ठेवून टेपने पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजू मोजा. 5-6 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चाक सरकलंय. शॉकअपची नळी आणि टायर यांच्यात बोट घाला. एका बाजूला दोन बोटं सहज जातात आणि दुसऱ्या बाजूला एकच अडकतं, तर नळी किंवा नकल (चाकाचा हब धरणारा भाग) वाकलेली असू शकते.

मशीनवर फक्त टो बघू नका, एसएआय पण काढा, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा आतला कल. थोडा जास्त वेळ लागतो म्हणून बरेच ऑपरेटर ते टाळतात. तुम्ही त्यांच्याकडे ते मागा. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये (जिथे शॉकअपच चाकाला वरून धरतो) दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक आहे पण एसएआय सारखा आहे, तर शॉकअप किंवा नकल. एसएआय आणि कॅम्बर दोन्ही बदललेत पण त्यांची बेरीज दुसऱ्या बाजूइतकीच आहे, तर लोअर आर्म, क्रॉसमेंबर (आर्म ज्याला बसतो ती आडवी चौकट) किंवा वरचा टॉवर (शॉकअपचं वरचं टोक बसतं ती जागा) सरकलाय. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते. पहिल्या चार-पाच गाड्यांना कागदावर लिहून बेरीज करा, त्यात कमीपणा नाही.

पुढचं सगळं बरोबर, तरी स्टिअरिंग तिरकं? मागचा टो बघा. मागे सलग बीम असलेल्या छोट्या गाड्यांत बहुधा अ‍ॅडजस्टमेंट नसते. बीम किंवा स्टब अ‍ॅक्सल वाकला की बदलावा लागतो.

गॅस लावून आर्म किंवा नकल सरळ करणारे लोक अजून भेटतात. पैसे वाचतात, पण तापवलेल्या भागाची ताकद गेलेली असते आणि ती बाहेरून दिसत नाही. घाटात ब्रेक दाबल्यावर तो भाग तुटला तर गाडीत माणसं असतात. या कामाला हात लावू नका, मेस्त्री रागावला तरी. मेस्त्रीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. नुसता आवाज ऐकून पार्ट सांगणाऱ्यापेक्षा तुमच्या हातात टेप देऊन आकडा विचारणाऱ्याकडे राहा, पगार हजार रुपये कमी असला तरी.

नवा आर्म बसवताना बुशचे (आर्मच्या टोकाच्या रबराचे) बोल्ट चाक लटकतं असताना पूर्ण आवळू नका. गाडी चाकांवर उभी करून, वजन आल्यावर शेवटचं आवळा. नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत घट्ट होतं आणि लवकर फाटतं. ही चूक नव्यांकडून होते आणि एकदा कळली की परत होत नाही. बॉल जॉइंटचा लॉक होणारा नट नवा वापरा. चाकाचे नट समोरासमोर आवळून टॉर्क रेंचने पूर्ण करा. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या.

टो सगळ्यात शेवटी. मग टेस्ट मारा, सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरून आणि एकदा ब्रेक दाबून. जुना आर्म नव्याशेजारी जमिनीवर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवा, वाक त्याला स्वतःलाच दिसेल. त्याला 500 किलोमीटरनंतर परत बोलवा. तेव्हा चाकाचे नट, टाय रॉडचा लॉक नट आणि बेअरिंगचा आवाज, एवढं तपासायचं.