‘मोठ्यातलं मोठं द्या’ : हँडीकॅमचं कार्ड घेताना या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्याला, राम मारुती रोडवर किंवा थेट मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन कुणी हँडीकॅमसाठी कार्ड मागितलं की संवाद ठरलेला असतो. दुकानदार विचारतो, “किती जीबी?” घेणारा म्हणतो, “मोठ्यातलं मोठं द्या.” कॅमेरा कुठला, तो कुठल्या मोडवर, म्हणजे चित्राच्या कुठल्या दर्जावर चालवणार, यातलं काहीच निघत नाही आणि कार्ड खिशात येतं. मग ऐन मुंजीत, मंगलाष्टकं चालू असताना, पडद्यावर काहीतरी इंग्रजी संदेश झळकतो आणि घरातल्या एखाद्या भाच्याला हाका सुरू होतात.

आमच्याकडे घरगुती चित्रीकरणाच्या कॉपी काढून घ्यायला लोक येतात. खराब निघालेली कार्डं त्यात असतात, पण चुकीची निवडलेली किंवा चुकीची हाताळलेली त्याहून कितीतरी जास्त.

जीबी विचारण्याआधी मोड बघा

एका कार्डात किती तास मावतील याचं उत्तर कार्डावर नसतं, कॅमेऱ्याच्या मेन्यूत असतं. हँडीकॅम दर सेकंदाला किती मेगाबिट माहिती लिहितो, तो आकडा एमबीपीएसमध्ये दिलेला असतो. त्याला ०.४५ ने गुणा, एका तासाला लागणारे जीबी मिळतात. एवढं एक गणित पाठ असलं तर दुकानदाराच्या सल्ल्याची गरज उरत नाही.

घरोघरी असलेल्या एव्हीसीएचडी हँडीकॅमचं उदाहरण घेऊ. चित्रीकरण साठवण्याचा हा प्रकार सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून २००६ मध्ये आणला. सोनीमध्ये ‘एफएच’ मोड साधारण १७ एमबीपीएसचा, म्हणजे तासाला साडेसात जीबीच्या जरा वर. ‘एफएक्स’ २४ चा, तासाला सुमारे ११ जीबी. सर्वांत वरचा ‘पीएस’ २८ चा, तासाला साडेबारा. ३२ जीबीच्या कार्डात एफएचवर चार तास बसतात, एफएक्सवर तीन, पीएसवर अडीच. ऑडिओ आणि इतर नोंदींची थोडी जागा जाते, म्हणून आलेल्या उत्तरातून थोडे कमीच धरा.

फोर-के हँडीकॅम असेल तर हेच गणित अंगावर येतं. सोनीचा एक्सएव्हीसी एस हा प्रकार फोर-केमध्ये ६० किंवा १०० एमबीपीएसवर चालतो. शंभरवर तासाला ४५ जीबी. ६४ चं कार्ड सव्वा तासाच्या आसपास संपतं. कोलशेतहून आलेले एक गृहस्थ फार रागावले होते : “दादा, तुम्हीच सांगा, ६४ चं कार्ड म्हणजे काय थोडं झालं? अर्धं संमेलन व्हायच्या आत भरलं!” कार्ड त्यांचं चोख होतं. मुलाने मेन्यूत ‘सर्वोत्तम’ दिसतंय म्हणून शंभर लावून ठेवलं होतं.

याच्या उलट केलेली चूक मला जास्त बोचते. कार्ड पुरावं म्हणून लोक मोड खाली आणतात. सोनीचा ‘एलपी’, पॅनासॉनिकचा ‘एचई’ हे ५ एमबीपीएसच्या घरातले मोड. त्यावर घेतलेल्या हळदीत माणसं हलली की चेहऱ्यांचे चौकोन होतात, आणि हॉलच्या पिवळ्या दिव्यात तर बघायलाच नको. कार्डाचे पैसे एकदाच जातात. आजीचा तो चेहरा मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने पुन्हा धारदार होत नाही. १७ च्या खाली उतरू नका, कार्ड आणखी एक घ्या.

कार्यक्रम मोजा, दिवस नाही

मुंज सकाळी मातृभोजनापासून संध्याकाळच्या भिक्षावळीपर्यंत चालते, म्हणून आठ-दहा तासांचं कार्ड लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात घरचा माणूस कॅमेरा धरतो तेव्हा लाल ठिपका दोन-तीन तासांहून जास्त पेटलेला नसतो. मधे जेवण असतं, नातेवाइकांशी बोलणं असतं, आणि कॅमेरावाल्या काकांनाच कुणीतरी गुरुजींना आणायला पिटाळलेलं असतं. तीन तास धरले तर एफएचवर २३ जीबी, एफएक्सवर साडेबत्तीस. म्हणजे पहिल्यासाठी ३२ चं एक कार्ड, दुसऱ्यासाठी ३२ ची दोन. फोर-के ६० वर मात्र ८१ जीबी होतात, तिथे ६४ ची दोन हवीत.

गडकरी रंगायतनला किंवा घाणेकर नाट्यगृहात मुलीचं अरंगेत्रम असेल तर हिशोब वेगळा. तिथे कॅमेरा स्टँडवर लावून सोडतात, तो थांबत नाही. भरतनाट्यममधलं वर्णम एकटंच अर्धा-पाऊण तास चालतं आणि नेमकं तिथे कार्ड भरलं तर काय सांगणार गुरूंना? कार्यक्रमपत्रिका हातात घ्या, कार्ड कुठे बदलायचं ते आधीच ठरवा आणि वर्णमच्या आधी बदला, जुन्यात जागा उरली असली तरी. कॅमेऱ्यासोबत येणारी छोटी बॅटरी एवीतेवी दीड-दोन तासांत मान टाकते. बॅटरी बदलायची वेळ हीच कार्ड बदलायची वेळ धरली की धांदल होत नाही. कॅननच्या लेग्रिया मालिकेतल्या काही कॅमेऱ्यांत कार्डाच्या दोन खाचा असतात आणि एक भरलं की रेकॉर्डिंग दुसऱ्यावर आपोआप सुरू होतं. तुमच्याकडे ती सोय असेल तर ती मेन्यूत चालू केलेली आहे का ते घरीच बघून घ्या.

एकाच कार्डात तीन वर्षं

मोठं कार्ड घेण्यातला खरा धोका इथे आहे. २५६ जीबीचं कार्ड एफएचवर तीसेक तास भरत नाही. मग ते कुणी रिकामंही करत नाही. बारसं, पहिला वाढदिवस, गणपती, कोपिनेश्वरच्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत फेटा बांधून बसलेली छोटी, सगळं त्याच एका नखाएवढ्या तुकड्यावर. कार्ड म्हणजे माळा नव्हे, की टाकलं आणि विसरलं. ते हरवतं, धुण्याच्या खिशात जातं, कधी काहीही न सांगता मरतं. त्यातली फ्लॅश मेमरी वर्षानुवर्षं कपाटात पडून राहण्यासाठी बनवलेलीही नसते, साठवलेला विद्युतभार हळूहळू गळतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : एव्हीसीएचडी कॅमेऱ्याला ३२ ची दोन, फोर-केला ६४ किंवा १२८ ची दोन. कार्यक्रम झाला की त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवर आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर अशा दोन ठिकाणी कॉपी, दोन्हीकडे उघडून बघायचं, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट, म्हणजे पूर्ण रिकामं.

कॉपी करताना फक्त एमटीएस फाइली, म्हणजे नुसते व्हिडिओ, उचलू नका. एव्हीसीएचडीचं कार्ड उघडलं की ‘प्रायव्हेट’ नावाचा फोल्डर दिसतो, तो आतल्या सगळ्यासकट जसाच्या तसा घ्या. लांब चित्रीकरणाचे कॅमेरा तुकडे पाडतो, कारण एसडीएचसी (३२ जीबीपर्यंतच्या) कार्डाच्या रचनेत एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. काही कॅमेरे त्याआधीच तुकडा पाडतात. हा बिघाड नाही. मात्र तुकडे साध्या संपादनाच्या ॲपमध्ये एकापुढे एक ठेवले तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटू शकतो. सोनीचं प्लेमेमरीज होम किंवा पॅनासॉनिकचं एचडी रायटर पूर्ण फोल्डर मिळाला तर ते सांधे नीट जोडतं.

बसलं म्हणजे चाललं असं नाही

एसडी, एसडीएचसी आणि एसडीएक्ससी ही तिन्ही कार्डं एकाच मापाची असल्यामुळे खाचेत सारखीच बसतात. फरक आतला. साधं एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, आणि त्यावरचं ते एसडीएक्ससी. नवा कॅमेरा जुनं कार्ड वाचतो. जुना कॅमेरा नवं वाचेलच असं नाही. एसडीएक्ससी २००९ मध्ये जाहीर झालं, तेव्हा त्याआधीच्या हँडीकॅममध्ये ६४ चं घालून उपयोग नाही. कॅमेऱ्याच्या खाचेजवळ छापलेलं चिन्ह बघा, तिथे ‘एक्ससी’ नसेल तर ३२ ही तुमची हद्द.

२०१० च्या आधीचे अनेक सोनी हँडीकॅम तर एसडी घेतच नाहीत, त्यांना मेमरी स्टिक प्रो ड्युओ लागते. सीएक्स४०५ सारख्या लहान हँडीकॅमला मायक्रोएसडी लागतं. दुकानात जाताना कॅमेरा किंवा जुनं कार्ड सोबत न्या, फोनवरच्या फोटोवर भिस्त नको.

वेगाच्या बाबतीत लोक पाकिटावरच्या सगळ्यात मोठ्या आकड्याला भुलतात. १७० एमबी असं ठळक लिहिलेलं असतं तो सहसा वाचण्याचा वेग, लिहिण्याचा नव्हे. आपल्याला हवा तो सलग लिहिण्याचा किमान वेग, आणि तो लहान चिन्हांत दडलेला असतो. ‘सी’च्या आत १०, म्हणजे क्लास १०, याचा अर्थ सेकंदाला किमान १० एमबी, ‘यू’च्या आत ३ म्हणजे ३०, आणि व्ही३० म्हणजेही ३०. आता ताडून बघा. २८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेतीन एमबी, त्याला क्लास ४ सुद्धा पुरतं. १०० एमबीपीएस म्हणजे साडेबारा एमबी, तिथे क्लास १० ची हमी तोकडी पडते आणि यू३ लागतं. काही कॅमेरे यू३ नसेल तर शंभरवर रेकॉर्डच करू देत नाहीत, काही सुरू करतात आणि मधेच थांबतात. जुन्या एव्हीसीएचडी हँडीकॅमला व्ही९० चं महागडं कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. चित्र तसूभरही सुधारत नाही.

स्वस्तातलं ५१२

बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किमतीत मोठं कार्ड मिळालं तर खुश होऊ नका. बनावट कार्डात ८ किंवा १६ जीबीची मेमरी असते आणि आतली चिप कॅमेऱ्याला ‘मी ५१२’ असं खोटं सांगते. सुरुवातीला सगळं छान चालतं. खरी जागा संपली की नवीन चित्रीकरण जुन्यावर लिहिलं जातं किंवा हवेत जातं, आणि कॅमेरा मात्र गुपचूप लाल ठिपका दाखवत राहतो. कार्यक्रमाआधी रिकाम्या कार्डावर एच२टेस्टडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. ते पूर्ण कार्ड भरतं आणि परत वाचून पडताळतं. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. पक्कं बिल घ्या, म्हणजे बदलून मागायला तोंड राहतं.

६४ च्या कार्डावर कॉम्प्युटर ५९ च्या आसपास दाखवतो, त्यात फसवणूक नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं.

अडलं तर

कार्ड भरलंय असं कॅमेरा म्हणतो पण व्हिडिओ दिसत नाहीत : मधे कुणीतरी प्रकार बदललेला असतो. बऱ्याच हँडीकॅममध्ये एव्हीसीएचडी आणि एमपीफोरची चित्रं वेगवेगळ्या पानांवर दिसतात. बघण्याच्या मेन्यूत प्रकार बदला.

कार्ड रिकामंच राहिलं : कॅमेऱ्याला स्वतःची मेमरी असेल तर रेकॉर्डिंग तिथे गेलंय. माध्यम निवडायचा पर्याय शोधा.

कार्डावर लिहिताच येत नाही : डाव्या कडेची इवलीशी कळ खाली सरकली असेल, वर ढकला. मायक्रोएसडीच्या ॲडॉप्टरलाही ही कळ असते आणि ती सैल असली की खाचेत घालतानाच सरकते. तसलं ॲडॉप्टर टाकून द्या.

‘इमेज डेटाबेस’बद्दल तक्रार : कॉम्प्युटरवरून कार्डातल्या फाइली पुसल्या की हे हमखास होतं, कारण कॅमेऱ्याची यादी आणि कार्ड यांचा मेळ बसत नाही. दुरुस्त करू का, असं विचारलं तर आधी कार्ड बाहेर काढून सगळं कॉपी करा, मग परत घालून होकार द्या. यापुढे पुसायचं ते कॅमेऱ्यातूनच.

आणि सगळ्यात घातक संदेश कॅमेऱ्याचा नसतोच, लॅपटॉपचा असतो : ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करा.’ जुना लॅपटॉप किंवा जुना कार्ड रीडर एसडीएक्ससी ओळखत नाही आणि हा प्रश्न विचारतो. कार्डात काही बिघडलेलं नसतं. ‘नाही’ दाबा, कार्ड परत कॅमेऱ्यात घालून व्हिडिओ दिसतात का बघा, आणि कॅमेराच यूएसबीच्या वायरने एखाद्या नव्या लॅपटॉपला जोडा.

चुकून ‘हो’ दाबलं असेल तर त्या क्षणापासून त्या कार्डावर एक सेकंदही रेकॉर्ड करू नका. साध्या, झटपट फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा यादी जाते, चित्रीकरण तिथेच असतं, जोवर त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. कार्ड काढा, पाकिटात घालून वर तारीख लिहा. फोटोरेक हे फुकटचं सॉफ्टवेअर आधी चालवून बघा. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर नाही, लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवा. तुकडे सापडले पण चालत नसतील तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे कार्ड देताना कॅमेऱ्याचं मॉडेल, कुठला मोड होता आणि फॉरमॅट कशावर झालं, हे लिहून द्या.