परदेशात लॅपटॉपचा पिन-अडॅप्टर नको, वायर बदला

ऑक्टोबरच्या सेमिस्टरला जर्मनीत येणारी मुलं दरवर्षी विचारतात, "ताई, लॅपटॉपसाठी कन्व्हर्टर कुठला आणू?" कुठलाच नको. चार्जरचा ठोकळा उलटा करा, बारीक अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढा आणि मोठा करून वाचा. ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल, तर तो इथल्या २३० व्होल्टवर चालतो, अमेरिकेतल्या १२० वरही चालतो. प्रश्न उरतो तो भिंतीत जाणाऱ्या प्लगचा.

स्टुटगार्टला आले तेव्हा मी पुण्याहून एक स्वस्तातला युनिव्हर्सल अडॅप्टर आणला होता. पहिल्याच संध्याकाळी लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकलं आणि बारीक झिणझिण्या आल्या. हात उचलला की बंद, टेकवला की पुन्हा. अडॅप्टर निरखून पाहिला, तर अर्थिंगच्या पिनेसाठी नुसतं भोक होतं, पुढे जोडणीच नव्हती. चार्जरमधल्या फिल्टरमधून किंचित करंट गळतो. एरवी तो अर्थिंगला निघून जातो. तिकडची वाट बंद असली की लॅपटॉपच्या अंगावर येतो. करंट अगदी कमी असतो, पण अर्थिंग नाही हे त्यावरून कळतं. जर्मन सॉकेटमध्ये अर्थिंगला भोक नसतंच, खळग्याच्या कडेला समोरासमोर धातूच्या दोन पट्ट्या असतात.

म्हणून माझा आग्रह वायर बदलण्याचा आहे. ठोकळ्यात घुसणारं वायरचं टोक उपसून बघा. तीन पाकळ्यांसारखं दिसत असेल तर ते सी-५, इंग्रजी आठसारखं असेल तर सी-७. त्याचा फोटो दाखवून इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून जर्मन प्लगची तशीच वायर घ्या. लंडनला जाणाऱ्यांनी चौकोनी पिनांची, प्लगमध्ये फ्यूज असलेली घ्यावी. ठोकळा तोच राहतो.

वायर मिळेपर्यंत अडॅप्टर वापरायचाच असेल, तर कडेला अर्थिंगच्या पट्ट्या असलेला घ्या. आपला तीन पिनांचा प्लग थेट सॉकेटमध्ये रेटू नका. आपल्या पिना ५ मिलिमीटरहून जाड, इथली भोकं ४.८ च्या पिनांसाठी. अर्ध्या तासाने अडॅप्टरला हात लावून पाहा. गरम लागला, डोलत असला किंवा प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर तो फेकून द्या. आणि त्याच अडॅप्टरवर पाण्याची किटली कधीही लावू नका. लॅपटॉप ६५ वॉट घेतो, किटली २०००.

इथल्या सॉकेटला बटण नसतं, याची सवय व्हायला वेळ लागतो. वायर आधी ठोकळ्यात घट्ट बसवा, मग प्लग भिंतीत. आत जाताना एकदा ‘चट्’ होऊन ठिणगी दिसली तर घाबरू नका, ठोकळ्यातले कपॅसिटर भरत असतात. बसवल्यावरही तडतड चालूच राहिली, तर प्लग सैल आहे. वायर न ओढता प्लगला धरून लगेच काढा.