विस्मृत संताचे चरित्र कसे वाचावे: क्रोलंडच्या गुथलॅकच्या निमित्ताने

आठव्या शतकातील एखाद्या अल्पपरिचित ख्रिस्ती संतावर लेख लिहायचा असेल, तर चरित्रग्रंथ हाती घेताच जन्मकथेपासून टिपणे काढू नयेत. तो कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिला, हे आधी पाहावे. इंग्लंडच्या पूर्वेकडील दलदलीत, आजच्या लिंकनशायरमधील क्रोलंड येथे एकांतवासात राहिलेल्या गुथलॅकचे उदाहरण यासाठी सोयीचे आहे.

त्याचे सर्वांत जुने चरित्र फेलिक्स नावाच्या भिक्षूने लॅटिनमध्ये लिहिले आणि ईस्ट अँग्लियाचा राजा एल्फवाल्ड याला अर्पण केले. हा राजा ७४९ मध्ये वारला. दुसरीकडे, फेलिक्सने बीड या इंग्लंडमधील इतिहासकार भिक्षूने लिहिलेल्या संत कथबर्टच्या चरित्रातील वाक्ये उचललेली आहेत आणि ते चरित्र ७२१ च्या सुमाराचे आहे. त्यामुळे फेलिक्सचा ग्रंथ या दोन सालांच्या मधला ठरतो.

यानंतर उसना मजकूर बाजूला काढावा. त्यासाठी कथबर्टचे आणि इजिप्तमधील संत अँटनीचे चरित्र शेजारी ठेवावे. अँटनी थडग्यात राहिला होता, म्हणून गुथलॅकने प्राचीन दफनटेकाडावर झोपडी बांधली हा तपशील जपून वापरावा. मात्र धनाच्या लोभाने ते टेकाड लोकांनी आधीच खणले होते, ही माहिती साच्यातली वाटत नाही. तीच गोष्ट रेप्टनच्या मठाची. तरुणपणी नऊ वर्षे लढाया आणि लुटालूट केल्यावर, चोविसाव्या वर्षी गुथलॅक तेथे दाखल झाला. त्याने मद्य वर्ज्य केले म्हणून मठातील सोबती त्याच्यावर चिडले, असे फेलिक्स लिहितो. निव्वळ स्तुती करायची असती, तर हा प्रसंग सुचला असता का?

चमत्कार आले की पान उलटण्याची घाई करू नये. बखर वाचताना ठेवतो तेच तारतम्य येथेही हवे. एका रात्री ब्रिटन लोकांच्या, म्हणजे अँग्लो-सॅक्सनांच्या आधीपासून त्या बेटावर राहणाऱ्यांच्या, भाषेत बोलणाऱ्या भुतांनी झोपडीवर हल्ला केला, अशी कथा आहे. भुते सोडून द्यावीत, पण मर्सिया या मध्य इंग्लंडमधील राज्याचा राजा कोएनरेड याच्या काळात ब्रिटनांचा उपद्रव होता आणि पूर्वी त्यांच्यात निर्वासित म्हणून राहिल्यामुळे गुथलॅकला ती भाषा कळत होती, हे फेलिक्सचे विधान टिपून ठेवावे. सेवक बेकेलची कथाही अशीच आहे. गुथलॅकची हजामत करताना, त्याला मारून आपणच त्याच्या जागी बसावे, असे बेकेलच्या मनात येते. गुथलॅक ते ओळखतो आणि बेकेल पायांवर लोळण घेतो. अंतर्ज्ञानाचा भाग श्रद्धेवर सोडला, तरी संतपदाभोवती तेव्हाच किती मानमरातब गोळा झाला होता, ते यातून दिसते. राजकारण तर उघडच आहे: परागंदा एथेलबाल्डला गुथलॅकने राज्यप्राप्तीचे भाकीत सांगितले, ७१६ मध्ये तो मर्सियाचा राजा झाला आणि त्याने संताची समाधी सजवली.

बाहेरचा पुरावा थोडाच मिळतो, पण तो शोधावा. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या जुन्या इंग्रजीतील सालवार इतिहासात ७१४ या सालाखाली गुथलॅकच्या मृत्यूची नोंद आहे. बहीण पेगा हिची स्मृती क्रोलंडजवळच्या पीकर्क या गावाच्या नावात टिकली आहे. गुथलॅकवरील जुन्या इंग्रजीतील दोन कविता एक्झिटर हस्तलिखित या काव्यसंग्रहात आहेत.

उत्तरकालीन साधने क्रोलंड येथे पुढे उभ्या राहिलेल्या मठाचे हितसंबंध समजून घेण्यासाठी वापरावीत. ब्रिटिश लायब्ररीतील, सुमारे १२०० सालच्या गुथलॅक-पटावर, म्हणजे त्याच्या जीवनावरील चित्रांच्या गुंडाळीवर, अठरा वर्तुळाकार चित्रे आहेत. शेवटच्या चित्रात देणगीदार आपापल्या दानाच्या गुंडाळ्या घेऊन उभे आहेत. मठाचा जमिनींवरील हक्क यापेक्षा स्पष्ट कसा मांडणार? क्रोलंडचा मठाधिपती इंगल्फ याच्या नावावर खपवलेला इतिहास मात्र नंतरची बनावट रचना आहे आणि एथेलबाल्डने ७१६ मध्ये मठ स्थापल्याची सनद त्यातच येते. तिचा उल्लेख करायचाच झाला, तर ती बनावट असल्याचे त्याच वाक्यात लिहावे, तळटिपेत ढकलू नये.