दादाचा गुडघा आणि माझी फिजिओगिरी

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या ओळखीतून दोन-चार पोरं-पोरी माझ्या क्लिनिकवर येतातच. "ताई, स्पोर्ट्स फिजिओ व्हायचंय." का, म्हणून विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं : मॅच फुकट बघायला मिळते, ती पण टचलाइनवरून, मैदानाच्या कडेच्या रेषेवरून. मिळते, खोटं कशाला बोलू. फक्त तिथून मॅच दिसत नाही. दिसतात गुडघे आणि घोटे. बॉल कुठं आहे हे मला अर्धा वेळ ठाऊक नसतं, पण कोण पाय चोरून पळतोय ते बरोबर कळतं.

मी या वाटेला लागले ती माझ्या चुलतभावामुळं. त्याचं नाव लिहीत नाही, तालमीचंही नाही. पेठेतली चाळिशी ओलांडलेली माणसं ओळखतील, त्यांनी मनातच ठेवावं. मी त्याला दादा म्हणते, तेवढं पुरे.

दादा डावखुरा. लेफ्ट विंगला खेळायचा. शाहू स्टेडियमवर त्याच्याकडं बॉल आला की गॅलरी आधी गप्प व्हायची आणि मग एकदम फुटायची. बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही, पण आमच्याकडं फुटबॉल संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशी नावं मुळात लाल मातीची, जोर-बैठकांची. त्याच तालमींची पोरं पुढं बॉलमागं पळायला लागली. हरलेल्या संध्याकाळी अख्ख्या पेठेत जेवण गोड लागत नाही. 2002 च्या वर्ल्ड कपला आमच्या गल्लीच्या तोंडाला ब्राझीलच्या रोनाल्डोचं पोस्टर लागलं होतं, दुमजली घराएवढं. आणि दादाची केशरचनाही तीच, पुढं तेवढं तीनकोनी ठेवून बाकी साफ. काकी आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हती.

त्याच्या पुढच्या मोसमातली गोष्ट. क्वार्टर फायनल होती. मी बारा वर्षांची, काकांशेजारी गॅलरीत. दादानं बॉल घेतला, उजवा पाय रोवला, आत वळायला गेला आणि खाली बसला. दोन हातांवर कुणी नव्हतं. धक्का नाही, टॅकल नाही. गॅलरीतनं आवाज आला, "ऊठ की रं, नाटकं करतोय!" काकासुद्धा हसले होते. ते हसू त्यांना नंतर फार वर्षं टोचलं.

दादा मला पुढं म्हणाला होता, "आतनं आवाज आला बघ, वाळकी काटकी मोडल्यागत." रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा. आंबेहळदीचा लेप झाला, मालीश झाली, हाडवैद्यानं ओढून बघितलं. एक्स-रे काढला तर डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, तीन आठवडे विश्रांती घ्या. हाड शाबूत होतंच. एक्स-रेमध्ये लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा दोर, दिसत नाही, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असणार?

या कामात येणाऱ्यानं ही तीन खुणांची गाठ पहिल्या वर्षापासून पदराला बांधावी. धक्का न लागता पाय रोवून वळताना पडला, आतून आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत एसीएल नावाची लिगामेंट गेली असंच धरायचं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारा हा दोर. तो तुटला तरी माणूस सरळ चालतो, जिना चढतो, मोटारसायकल मारतो. फसवणूक तिथंच होते. तीन आठवड्यांत सूज उतरते, दुखायचं थांबतं आणि सगळ्यांना वाटतं बरा झाला. वळायची वेळ येते तेव्हा आत धरणारं कुणी नसतं.

तिसऱ्या आठवड्यात फायनल होती. तालमीतली मोठी माणसं घरी आली. मी चहाचे कप घेऊन उभी होते, म्हणून शब्द लक्षात आहेत. "खेळू नको. नुसता उभा राहा. त्यांचे दोन डिफेंडर तुझ्याकडंच बघत बसतील, बाकीचं आम्ही बघतो." वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्यातल्या एकानं तर पुढं ऑपरेशनला पैसेही दिले. काकी नको म्हणाली, तेव्हा दादाच बोलला, "आई, रोनाल्डोचा गुडघा फुटला होता. वर्ल्ड कप घेऊन आला की न्हाई?"

रोनाल्डोची ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. त्याचा गुडघा दुखावला नोव्हेंबर 1999 मध्ये. त्याची एसीएल नव्हे, वाटीखालचा टेंडन गेला होता, पण ते बाजूला ठेवू. एप्रिल 2000 मध्ये, म्हणजे पाच महिन्यांत तो परत मैदानात आला आणि बदली म्हणून उतरल्यावर सातेक मिनिटांत तोच गुडघा पुन्हा फाटला, या वेळी पूर्ण. पुढं दीड वर्षाच्या आसपास तो खेळलाच नाही. त्या विश्रांतीनंतरचा रोनाल्डो 2002 ला आठ गोल करून गेला, त्यातले दोन जर्मनीविरुद्ध फायनलमध्ये. आमच्या पोस्टरवर आठ गोलवाला होता. सात मिनिटांवालं पोस्टर कोण लावणार?

दादा फायनलला चाळीस मिनिटं टिकला. मग तोच पाय, तसाच वळताना. एमआरआय तेव्हा झाला. लिगामेंट तर गेलेलीच होती, या खेपेला मधली गादी, मेनिस्कसही फाटली. वय 21. घरात बहिणीचं लग्न ठरलेलं, त्यामुळं ऑपरेशन चौदा महिन्यांनी झालं. त्यानंतर दीड महिना व्यायाम केला आणि शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत लागला, आठ-आठ तास उभ्यानं. ऑपरेशन म्हणजे फक्त नवा दोर बांधणं, तो दोर वापरायला शिकवणारे महिने पुढं असतात, हे त्याला कुणी नीट बसवून सांगितलंच नाही. बूट माळ्यावर गेले.

मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. मला ते बसवून सांगणारं माणूस व्हायचं होतं. असं काही असतं आणि त्याला फिजिओथेरपिस्ट म्हणतात, हे अकरावीत कळलं.

आता कामाचं. माझ्या वेळी सीईटी होती, आता बीपीटीएचसाठी, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीसाठी, नीट परीक्षा द्यावी लागते. बारावीला बायॉलॉजी हवंच. मी शिकले ती साडेचार वर्षं होती, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. नियम बदलत असतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचा, शेजारच्या पोरीचं ऐकून जाऊ नका. पहिल्या वर्षाची अॅनाटॉमी, म्हणजे शरीररचना, कंटाळून सोडू नका. मी सोडली होती आणि तिसऱ्या वर्षाला पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले. आणखी एक, कॉलेजात स्पोर्ट्स फार थोडं असतं. तुमच्यासमोर येणार आहेत ते पॅरालिसिसचे आजोबा, खांदा आखडलेल्या काकी, कंबर धरलेले रिक्षावाले. यात मन रमत नसेल तर ही लाइन धरू नका. माझं घर आजही त्यांच्यावरच चालतं. तालमीकडून मानधन येतं ते आठवणीनं आणि सवडीनं येतं. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही, मला याच पेठेत राहायचं आहे.

कराडला शिकत असताना माझ्या बोलण्यावर हसायचे. आम्ही कोल्हापूरच्या पोरी "मी आलो", "मी जातो" म्हणतो, त्यांना वाटायचं मुलगा बोलतोय. ते बोलणं मैदानावर मात्र कामाला आलं. पहिल्या मॅचला मी बॅग घेऊन आत पळाले तर गॅलरीतनं शिट्ट्या. पडलेल्या पोराला म्हटलं, "आलो रं, पाय हलवू नको," आणि तो दुखण्यातही हसला. मुलींनी या कामाला भिऊ नये. दोन मॅच शिट्ट्या होतात, तिसऱ्या मॅचला "मॅडमना बोलवा" सुरू होतं.

मैदानावरच्या काही गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत. रेफ्रीनं हात केल्याशिवाय रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही, पोरगा कितीही ओरडू दे. आत उपचार झाले तर नियमानं खेळाडूला, गोलकीपर वगैरे सोडून, बाहेर यावं लागतं. कॅप्टन तुमच्यावर भडकेल, भडकू द्या. डोक्याला मार लागून पोरगा जरा जरी भिरभिरला, स्कोअर विसरला, तर त्या दिवशी परत आत नाही. यावर चर्चाच करायची नाही. बर्फ घरून न्या. एका मॅचला मी विसरले होते आणि बाहेरच्या रसवंतीवाल्याच्या हातापाया पडून फडक्यात बर्फ आणला होता. आणि स्प्रेवर भरवसा ठेवू नका. स्प्रेनं दुखणं झाकतं, फाटलेलं शिवत नाही.

सगळ्यात अवघड मात्र मैदान नाहीच, चहाची टपरी आहे. तिथं तालमीची माणसं गाठतात आणि कुणीही "कसा आहे पोरगा?" असं विचारत नाही. विचारतात, "कधी खेळंल?" या प्रश्नाला तारीख द्यायची नाही, हे मी मार खाऊन शिकले. एकदा मी "साधारण मार्च" म्हटलं होतं, तर एक मार्चला पोराला किट घालून उभं केलेलं. आता मी तारखेऐवजी परीक्षा सांगते. ऑपरेशनला नऊ महिने झाले पाहिजेत, त्याआधी बोलायचंच नाही. मग एका पायावर लांब उडी, एका पायावर तीन उड्या, मांडीची ताकद. दुखावलेल्या पायानं चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के करून दाखवलं पाहिजे. टेप मी धरते, आकडा तालमीच्या माणसाला वाचायला लावते. आकडा त्यांच्या तोंडून आला की भांडण मिटतं.

आणि वॉर्मअप. आमची पोरं पाचशे बैठका मारतील, पण एका पायावर उभं करा, डुगडुगतात. बैठक दोन पायांवर असते आणि लिगामेंट तुटते एका पायावर. फिफाच्या तज्ज्ञांनी 2006 मध्ये एक कार्यक्रम तयार केला, त्याला 11 प्लस म्हणतात. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम, साहित्य काहीच नाही, एक बॉल असला तर बरा. आठवड्यातून दोनदा नेमानं केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात, हे निरनिराळ्या देशांत तपासून झालंय. मी तो पहिल्यांदा तालमीत फिफाचं नाव घेऊन शिकवला, कुणी ढुंकून बघितलं नाही. मग त्यातलाच मांडीमागचा व्यायाम, गुडघ्यावर बसून जोडीदारानं घोटे धरायचे आणि आपण सावकाश पुढं पडायचं, तो एका जुन्या पैलवान वस्तादांकडून करून घेतला. ते तिसऱ्यांदाच तोंडावर पडले आणि उठून म्हणाले, "ह्यात दम हाय." त्या दिवसापासून सुरू आहे.

एक कागदाची गोष्ट, फिजिओनं का सांगावी असं वाटेल, पण सांगा. 2017 ला 17 वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात खेळला, तेव्हापासून आई-वडील पोरांना घेऊन मोठ्या आशेनं येतात. त्यांना विचारा, प्रमाणपत्रं कुठं आहेत? सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त स्पर्धांवर, पडताळणी झालेल्या प्रमाणपत्रांवर. चषक स्पर्धेतला "सामनावीर" तिथं चालत नाही. दादाकडं असल्या ढाली पोतंभर होत्या. शालेय राज्य स्पर्धेचा एकच कागद होता, तो पावसाळ्यात माळ्यावर भिजला.

गेल्या मोसमात माझ्याकडं एक अठरा वर्षांचा विंगर आला. एसीएलचं ऑपरेशन होऊन पाच महिने झालेले. पळत होता, दुखत नव्हतं आणि पुढच्या आठवड्यात सेमीफायनल. मी आकडे दाखवले, रोनाल्डोची सात मिनिटं सांगितली. पोरगा मोबाइल बघत "व्हय मॅडम, व्हय मॅडम" करत होता. शेवटी दादाला फोन केला. फौंड्रीतनं सुटून तो तसाच आला, हातापायाला काळं लागलेलं.

मी म्हटलं, "जरा सांग की ह्याला."

दादा काही बोलला नाही. खुर्चीत बसला, दोन्ही पायांच्या पँटी मांडीपर्यंत ओढल्या आणि माझ्या टेबलावरचा टेप घेतला. डावी मांडी मोजली, उजवी मोजली. टेप पोराच्या हातात दिला. "तू मोज." पोरानं मोजली. उजवी अजूनही डावीपेक्षा दीड इंच बारीक भरली, वीस वर्षांनंतर.

बराच वेळ पोरगा टेप गुंडाळत बसला. मग दादाकडं न बघताच विचारलं, "ती फायनल जिंकलासा काय तुम्ही?"

"न्हाई," दादा पँट खाली करत म्हणाला, "टायब्रेकरवर गेली." आणि माझ्याकडं वळून, "चहा सांग की गं तीन."